दगा शिंपी

आईनं नाव ठेवलं दगा.
आधीची दोन जगली नव्हती,
वाईट नावाकडे मरण फिरकत नाही म्हणे.

एरंडोलच्या बाजारात, सायकलवाल्याच्या ओट्यावर,
पंचवीस वर्षं एकाच रंगाचे झेंडे शिवतोय.
पहिल्या खेपेला मजुरी मीच घेतली नाही.
दुसऱ्या खेपेपासून त्यांनी दिली नाही.

उरल्या कापडाच्या पिशव्या झाल्या, उशांचे अभ्रे,
नातीचं झबलं.
एक पट्टी सरकारी दवाखान्याच्या पायरीवर
बायकोच्या पायाला बांधली,
आत डॉक्टर नव्हता, कापूसही नव्हता.
जखम भरली. रंग आठवडाभर निघाला नाही.

काल जीप थांबली.
"दगाभाऊ, यंदा बी आम्हनाच झेंडा ना?"
सहा तागे उतरवले.
मी चष्मा पुसत म्हणालो, सुई मोडलीय.
हसले. दुसरी घे म्हणाले,
शंभराची नोट कातरीखाली सरकवून गेले,
मागच्या बिलाचं नाव नाही.

रात्री मशीनला तेल दिलं.
सुई शाबूत आहे.
तागे तसेच, दोरीसकट.
मतदानाला अकरा दिवस.

आई म्हणायची, नावाला जागू नको रे बाबा.
पंचवीस वर्षं
नाही जागलो.