टक्

कॅसेटवर नाव होतं, पण गुरुमुखीत.
आपल्या अक्षरांच्या चुलत बहिणीच त्या:
शिरोरेघ ओळखीची, तोंडं परकी.
म्हणून आम्ही तिला नुसतं 'बलबीरची' म्हणायचो.

बलबीर लुधियान्याचा,
सावद्याला केळी भरायला यायचा.
एकदा वखारीत दोन दिवस ट्रक अडकला
तेव्हा अण्णांनी त्याला घरी आणून जेवू घातलं,
कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा.
त्याच्या डोळ्यांत पाणी आलं
ते तिखटानं की कशानं, कुणी विचारलं नाही.
जाताना कॅबिनमधून ही काढून दिली.

तेव्हा आमच्याकडे एकूण तीनच कॅसेटी.
एक आरत्यांची.
एक जळगावहून भरून आणलेली,
जिचं शेवटचं गाणं मुखड्यातच संपायचं,
कारण दुकानदारानं नव्वद मिनिटांत बावीस कोंबली होती.
आणि ही.

कुमुद फेगडे दुपारी यायची, गिरणीतून थेट,
पापण्यांवर ज्वारीचं पीठ.
गच्चीवर बिबडे घालता घालता आम्ही ऐकायचो.
शब्द एक कळत नव्हता.
कुमुद म्हणायची, हा नदीला बोलावतोय.
मी म्हणायचे, म्हशीला.

मे महिन्यात कॅसेटी माठाच्या तिवईखाली.
शेहेचाळीस डिग्रीत आवाज वितळतो, असं कुमुदचं मत,
आणि तिच्या मतापुढे माझं काही चालायचं नाही.
अजूनही कुठे माठाखालची वाळू भिजली
की मला आधी ढोल ऐकू येतो,
मग वास.

दुसरी बाजू, तिसरं गाणं. तिथे ती तुटली.
मी कुमुदला सांगितलं, लाईट गेली गं,
पट्टी आत गुंतली, काढताना तुटली.
तिनं काही न बोलता नखांचं पॉलिश आणलं,
चुरगळलेलं बोटभर कापून टाकलं,
टोकाला टोक चिकटवलं, फुंकर घातली.
तेव्हापासून त्या ओळीत दोन शब्द कमी,
त्यांच्या जागी एक
टक्.

ते टक् आम्हाला गाण्याहून जास्त पाठ झालं.
कुमुदच्या हळदीला आम्ही दहाबारा जणींनी ते गाणं म्हटलं,
सगळं चुकीचं, आणि त्या जागी
सगळ्यांनी मिळून, मान उडवून, टक्.
सुरतच्या पाहुण्यांना वाटलं, इकडची काही रीत असेल.

गेल्या पौषात, भुसावळच्या बायपासवर,
पंक्चरच्या दुकानापाशी उभी होते,
पिशवीत बामणोदची वांगी.
बाजूच्या ट्रकमध्ये ते लागलं.
चौतीस वर्षं.
माझी मान आपोआप तयार झाली
आणि टक् आलंच नाही.
आले ते दोन शब्द,
धडधाकट, अंघोळ करून आल्यासारखे,
सरळ पुढे निघून गेले.
क्लीनर पोरगा माझ्याकडे बघत होता.
मी मान खाली केली, वांगी मोजली.

तिथूनच कुमुदला फोन लावला.
म्हटलं, ऐक, ते दोन शब्द सापडले.
ती म्हणाली, सांगू नको.
मी म्हटलं, अगं, पण
ती म्हणाली, नको म्हटलं ना.

मग मी दुसरंच सांगून टाकलं.
की लाईट गेली नव्हती त्या दिवशी.
अण्णांच्या सायकलची घंटी वाजली, मी घाबरले,
चालू असतानाच झाकण ओढलं,
पट्टी हाताला आली, मी ओढत राहिले.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
तिनं गॅस बारीक केला असावा.

"ठाऊक आहे वं," ती म्हणाली,
"आमची गिरणी चालू होती."