घरटी एक माणूस

नोव्हेंबर. वेंगुर्ल्याच्या शाखेत
जिवंत माणसांची रांग दारापर्यंत.
वर्षातून एकदा येऊन
आपण अजून गेलो नाही, एवढंच सांगायचं.

द्वारकाबाई मोचेमाडकर. काजू कारखान्यात एकतीस वर्षं.
टरफलाच्या तेलानं बोटांवरच्या रेषा
केव्हाच खाऊन टाकल्या. मशीन म्हणतं,
पुन्हा प्रयत्न करा.
बोट पदराला घासून,
गंध लावावं तसं हळू टेकवून,
पुन्हा प्रयत्न करा.
डोळ्यांचं यंत्र लावलं तर आत मोतीबिंदू.
ऑपरेशनची तारीख मिळालीय म्हणे,
ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आला तर.

"रे झिला, मी बोलतंय मा तुझ्याकडे? मगे?"

मगे काय.
महिन्याला एक हजार चाळीस रुपयांचा प्रश्न होता.

मी आकडेमोडीचा माणूस.
गेल्या महिन्यात रत्नागिरीला प्रशिक्षण होतं.
साहेबांनी भिंतीवर आलेख पाडला:
खाली भरणारे, वर घेणारे,
आणि सन दोन हजार पन्नासच्या आसपास
वरचं ओझं खालच्या पायांना पेलेना.
कुणीतरी पंखा वाढवला.
मी तेव्हा त्रेसष्ट.
माझी पेन्शन बाजारावर सोडलेली,
आणि माझा भाचा कळंगुटच्या हॉटेलात बारा तास,
त्याच्या पगारातून काहीच कापत नाहीत.
त्याला त्याचा आनंद आहे.

सर्व्हर येईपर्यंत ती स्टुलावर बसली
आणि खाजणाच्या बांधाचं काढलं.
अमावास्येच्या उधाणाआधी हाळी पडायची,
घरटी एक माणूस, फावडं घेऊन.
ज्यांची शेतं आत, ते तर यायचेच.
पण वर भरडावरचा जनू गवंडीही यायचा,
आत ज्याचा एक वाफा नव्हता.
"मी इचारलंय, तू कित्याक रे?
म्हणालो, माझी बाव खाली हा.
खारा पाणी जमनीतसून चलता,
सातबारो बघून नाय."

आणि आता?
"बावीस घरां. चौदांक कुलपां.
सरकारान दगडी बांद घातल्यान, बरो घातल्यान.
पण उघाडीची फळी कुजली,
ती बदलूची कोणी, ता खयच्या कागदार नाय."

सर्व्हर आला.
पुन्हा प्रयत्न करा.

शेवटी जुना छापील फॉर्म काढला.
"माझ्यासमक्ष हजर" लिहून सही केली.
तिनं शाईत बुडवून अंगठा उठवला:
जांभळा गोळा, आत एकही रेघ नाही,
ओहोटीनंतरच्या चिखलासारखा सपाट.
तिनं तो लांब धरून बघितला.
"ह्यो माझोच," म्हणाली.

मग एस्टीच्या अर्ध्या तिकिटाची चिल्लर मोजत उठली,
दारापाशी थांबली.
"साडेचार फूट. ऐनाची होयी.
आंब्याची घातलास तर दोन पावसांत जातली."

मी टोकनच्या मागे लिहून घेतलं.
कशाला, कोण जाणे.
माझं गाव नाही, माझा बांध नाही,
विहीर मात्र आहे.

एकशे सात.
इनास फर्नांडिस, निवृत्त पोस्टमन,
कधीचा बोट पुढे करून उभा.
मी काच पुसली.