तुटक रेघ

दुष्यंतनं मला एकदा समजावलं होतं:
मैदानाच्या कडेला चुन्याची तुटक रेघ असते,
प्रशिक्षकानं तिच्या आतच राहायचं.
ओरडायचं तिथूनच, हात जोडायचे तेही तिथूनच.
"म्हणजे सोवळ्यातल्यासारखं," मी म्हटलं.
तो हसला. तेव्हा हसायचा.

पहिल्या वर्षी दांडिया बाजारात बॅनर लागला,
फरसाणवाला पैसे घेईना.
देशाच्या टीमचा सर, आपल्या पागेदारांचा!
गणपतीत आरतीचं ताट त्याच्याच हाती.
मी कात्रणं चिकटवायची, शाळेच्या जुन्या हजेरीपुस्तकात,
मुलांची नावं संपत तिथून पुढे.

मग मस्कत. पाच-शून्य.
मग तो कप्तान, बेन्सन,
बदली होऊन बाहेर येताना
याचा पुढे केलेला हात तसाच ठेवून
पाण्याच्या बाटलीकडे गेला.
टीव्हीनं सात वेळा दाखवलं.
सातही वेळा मी बाटलीचाच रंग पाहिला.
दुसरीकडे कुठे पाहणार?

एकवीस सामने, चार जिंकले.
"बाकीच्यांत आम्ही शिकलो," तो पत्रकारांना म्हणाला
आणि ते वाक्य त्याच्याआधी घरी पोचलं.
खंडेराव मार्केटात भेंडी कमी भरली म्हणून बोलले
तर भाजीवाला म्हणतो, "शिकतोय आम्ही, बेन."
सगळे हसले. मीही थोडी.
घरी येऊन ती भेंडी केली नाही.

फोनवर मात्र एकच: पोरं चांगली आहेत गं.

पत्र आलं त्या दिवशी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन.
तो दवाखान्याच्या बाकावर, हातात मोबाइल,
माझ्या डोळ्यावर हिरवी पट्टी.
काय लिहिलंय, वाच की, म्हटलं.
त्यानं थेंबांचा कागद वाचून दाखवला:
सकाळी दोन, दुपारी दोन,
झोपताना एक.

आता गच्चीत फेऱ्या.
टाकीपासून सहा पावलं,
वळायचं, सहा पावलं.
मला रेघ दिसत नाही,
तो ओलांडत नाही.

काल नवलखीवर पोरांना गोलकीपर कमी पडला.
"काका, ऊभा रहेशो?"
ओळखलं नाही कुणी.
गुडघे खरवडून आला, चपलेचा अंगठा तुटलेला.
किती खाल्लेस, विचारलं नाही.
सेव-उसळ पुढे ठेवली, तरी वेगळ्या वाटीत.

रात्री, दिवे गेल्यावर:
"ताई, त्या मॅचला लालरेमला बाहेर काढलं, चुकलं का गं?"
लालरेम कोण, डावा की उजवा, मला काय ठाऊक.
"बरोबरच केलंस," म्हटलं.
"तुला काय कळतंय त्यातलं!"

केवढ्यानं ओरडला.
शेजारच्या देसायांची खिडकी उघडली.
किती महिन्यांनी.

मी पडल्या पडल्या उशाशी चाचपली
ती थेंबांची बाटली.