इसार

खुदिया, उद्या थिएसमध्ये तुझं दुकान उघडेल,
स्टेशनच्या मागे, चपलावाल्याच्या भिंतीला चिकटून.
पाटी रंगवणाऱ्याला सांग, नाव मोठं काढ,
कात्री नको. कात्री तर डाकारभर सगळ्यांच्याच पाटीवर आहे.

मी तुला काही देणार नाही. मशीन तर नाहीच.
ही टेप घे फक्त.
सुरुवातीचे आकडे पुसलेत तिचे,
म्हणून मी दहापासून मोजते आणि दहा वजा करते.
तूही तसंच कर, विसरू नकोस,
नाहीतर मापातच पाप व्हायचं.

कापडाला कात्री लागण्याआधी निम्मे पैसे हातात.
भाचीकडूनही.
इमामाच्या बायकोकडूनही, तिच्याकडून तर आधी.
इसार घेतला की माणूस परत येतं,
आणि आपणही पळून जात नाही.

कोणी विचारेल, मला काय शोभेल गं?
लगेच उत्तर देऊ नकोस.
आधी अत्ताया उकळू दे, पहिला कडू पेला होऊ दे,
ती बसते कशी बघ, हसताना हात कुठे नेते.
जे झाकायला हात जातो
त्याच्याबद्दल बोलू नकोस. शिव मात्र त्याच्यासाठी.

गोरेपणाच्या डब्या विकायला एक माणूस येईल,
गोड बोलेल, निम्मा नफा देईन म्हणेल.
त्याला बायकांच्या बोटांचे सांधे दाखव:
तोंड उजळलं तरी तिथे जुना रंग
जप्ती आलेल्या घरातल्या म्हातारीसारखा
हलत नाही.
मी विकल्यात त्या डब्या. दोन वर्षं.
फ्रिज त्यातूनच आला, आता बंद पडलाय.

आणि ‘उद्या’ हा शब्द.
तो टाचणीसारखा असतो, ओठांत धरून काम करता येतं,
गिळला की संपलं.
ज्या वर्षी तू अजून काजच करायचीस
त्या तबास्कीला मी एक्केचाळीस बायकांना ‘उद्या’ म्हटलं.
आदल्या रात्री मेदिनात वीज गेली.
बायका बाकावर, पायरीवर, बाहेर मेंढ्यांजवळ बसून होत्या,
मेणबत्त्या धरून, मला शिव्या देत,
आणि एकमेकींची पोरं झोपवत.

पहाटे एक उठली.
निळं बाझां होतं तिचं, ठोकून ठोकून चकाकी आणलेलं,
मी फक्त बेतलं होतं, टाका एकही नाही.
दे, म्हणाली.
मी तुकडे दिले, मान वर न करता.
तिने सगळ्यात मोठा तुकडा खांद्यावरून घेतला,
माझ्याच उशीतल्या दोन टाचण्या लावल्या,
उरलेलं डोक्याला गुंडाळलं
आणि नमाजाला निघून गेली.

खुदिया, मी दारात उभी राहून पाहत राहिले.
शेळीवाले बाजूला झाले तिच्यासाठी.
एकवीस वर्षं मी बाह्या बसवतेय,
गळे कोरतेय, पॅरिसच्या कॅटलॉगमधून उचलतेय,
आणि इतकं नेटकं काही
माझ्या मशीनखालून गेलं नाही कधी.
त्या दिवशी वाटलं दुकान बंद करावं.
दुपारी भूक लागली, मटण आलं शेजारून,
संध्याकाळी परत पायटा मारायला बसले.

तिचा इसार अजून माझ्याकडे आहे.
सात हजार फ्रँक, बटणांच्या डब्यात, तळाशी.
परत मागायला आली नाही ती,
मी शोधायला गेले नाही.
वहीत नावापुढे फक्त लिहिलंय: थिएस.

हा डबा घे.
बटणं तुझी. पैसे तिचे.
भेटली तर दे, चेहरा मलाही आठवत नाही आता,
पण चालताना तिला कोणी पाहतंय का
याच्याकडे तिचं लक्ष नसतं, त्यावरून कळेल.

नाही भेटली
तर ज्या बाईकडे निम्मे पैसे नसतील
तिच्या नावावर मांड.
एकदाच हां.
नंतर नियम तोच.