दहा मिलिसेकंद

औलूत जानेवारी. अडीचलाच अंधारून आलेलं.
ताइमी लॅपटॉप मिटते, वीस मोजते, उघडते.
पडदा उजळतो, कीबोर्ड हाकेला ओ देतो,
नेटवर्कचं कार्ड मात्र
कधी उठतं, कधी नाही.

निजानिजेची रीत तिला पाठ आहे:
आधी पोरं, मग थोरले.
टोकाची उपकरणं निजली की त्यांचा कंट्रोलर,
मग त्याच्याही वरचे.
एखादं जरी म्हणालं, "थांबा, माझं काम उरलंय,"
तर सगळ्या घराला पुन्हा उठून बसावं लागतं.
उठताना उलट. दिवा थोरल्यांनी लावायचा.

वीज गेली की चिप सगळं विसरते,
स्वतःचा पत्तासुद्धा.
म्हणून निजण्याआधी ताइमीचा ड्रायव्हर
एकेक रजिस्टर उतरवून घेतो,
विसराळू माणसाच्या खिशात
चिठ्ठी ठेवावी तसा.

बाविसाव्या खेपेला पुन्हा तेच.
ती विचारते, कोण तू?
उत्तर येतं: एक एक एक एक,
बत्तीसच्या बत्तीस घरांत नुसता एक.
म्हणजे पलीकडे कोणी नाही.

चिठ्ठी तपासली. बरोबर होती.
क्रम तपासला. तोही.
शेजारच्या टेबलावरून यालमारी म्हणाला,
"चिपच भिकार आहे. लिहून टाक तसं."
तिनं लिहिलं नाही.

घरी आली तर दारात आउलिसचे बूट,
खाली बर्फाचं पाणी साचलेलं.
दहा दिवस बर्फफोड्या जहाजावर काढून
तो दुपारपासून झोपलेला, आता
सोफ्यावर उठून बसलेला. डोळे उघडे.
"जेवलास का?"
त्यानं तिच्याकडे भिंतीकडे पाहावं तसं पाहिलं.
हे तिला एकोणीस वर्षं माहीत आहे.
तिनं कोट काढला, कॉफी मोजायला घेतली,
तेव्हा कुठे आतून आवाज आला,
"काय म्हणालीस?"

चमचा तिच्या हातात तसाच राहिला.

रात्री अकराला तिनं एक ओळ वाढवली:
वीज दिल्यावर दहा मिलिसेकंद थांब,
मग विचार.
चिपच्या पुस्तकात ते होतंच,
पान चारशे सहा, तळटीप, मुंगीएवढी अक्षरं.

पहाटेपर्यंत यंत्राला निजवलं, उठवलं.
तीनशेच्या तीनशे वेळा
कार्डानं आपलं नाव सांगितलं.

बदलाखाली कारण लिहावं लागतं.
तिनं लिहिलं: उघडे डोळे म्हणजे जाग नव्हे.
मग ते खोडून, रीतसर,
पान आणि तळटीपेचा आकडा.