खाप्र्याची खुर्ची

पडदा यंदाही फेरीबोटीतून दिवाडीला उतरला,
दोघांच्या खांद्यावर, आजारी माणसासारखा.
सव्विसावं वर्ष.
कडेचा सोरपोतेलचा डाग पहिल्या वर्षीचा,
इदालिनाबाय तो धुऊ देत नाही.

पंचाहत्तर साली ती मोझांबिकहून परतली,
ट्रंकेत प्रोजेक्टर, कपडे थोडेच.

शाळेच्या पटांगणात चाळीस खुर्च्या.
डाकार, लुआंडा, हार्लेम.
पोरं खालच्या ओळी मोठ्यानं वाचतात
म्हाताऱ्यांसाठी, कोकणीत,
थोडं पदरचं घालून.

पण आधी वडाखाली जायचं,
खाप्र्या देवाला विडी ठेवायची.
तोही गलबतातूनच आला म्हणतात,
तिकीट काढून नव्हे.

काल जुझे सिद्दी मागं उभा होता,
रस्त्याच्या कामावरचा, हाताला डांबर.
पडद्यावर एक बाई पोरीचे केस विंचरत होती,
कितीतरी वेळ, दुसरं काहीच न घडता.
गुरुदास कंटाळून उठला.
‘बस रे,’ जुझे म्हणाला,
‘माझी आय अश्शीच ओढायची,
बोंब मारेपर्यंत.’

पहिल्या ओळीत एक खुर्ची दरवर्षी रिकामी असते.
त्यानं विचारलं, इथं कोण?

इदालिनाबायनं खुर्चीवरची विडी उचलली
आणि त्याच्या कानामागे खोचली.