उजवीकडून डावीकडे

दोन हिवाळे ते खोकं शेडमध्ये पडून होतं,
वर बटाट्यांची टोपली, टोपलीत मांजर.
हेल्दुर समुद्रापलीकडे तुर्कूला इमारती बांधतो,
पंधरा दिवसांनी बोटीने येतो, झोपतो, जातो.
फोनवर म्हणतो, थांब सालमे, आलो की लावू.
ऑक्टोबर कुठला थांबायला!
मागच्या खोलीच्या खिडक्यांना आतल्या चौकटी हव्यात,
चौकटींना काच बसेल एवढी खाच,
आणि हिउमा बेटावरच्या वाऱ्याला
फट कुठे आहे ते माझ्याआधी कळतं.

म्हणून मंगळवारी मांजर उठवलं.

राउटर टेबलाखाली उलटा टांगायचा,
पातं वर, घुशीने बिळातून नाक काढावं तसं.
प्लेटच्या चार कोपऱ्यांत चार स्क्रू,
पाव फेरा इकडे, पाव तिकडे,
वरून पोलादी पट्टी सरकवत राहायची
सांध्यावर नख अडकेनासं होईपर्यंत.
यातच दुपार गेली.

शेजारचा एन्देल न बोलावता आला.
जन्मभर बोटी बांधल्या त्याने,
आणि डाव्या हाताची दोन बोटं
कुणाच्या तरी दाराच्या नक्षीला देऊन बसला.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात,
त्याने हात दाखवूनच शिकवलं:
पातं बदलताना प्लग भिंतीतून बाहेर.
बटण बंद केलंय, हे चालणार नाही.
प्लग बाहेर, आणि डोळ्यांसमोर.
दांडी तळाला टेकव, मग दोन मिलिमीटर वर घे, मग आवळ.
टेकलेली दांडी आवळल्यासारखी वाटते फक्त.
पातं मोठं तर वेग कमी.
हातमोजे काढ. केस बांध. बाह्या वर कर.

कुंपणाची एक गंमत सांगते.
करवतीच्या टेबलावर ते समांतरच लागतं,
केसभर चुकलं की लाकूड जळतं.
इथे एक टोक पक्कं करायचं, दुसरं जरासं ढकलायचं, झालं.
पात्यापासूनचं अंतर तेवढं खरं,
बाकी तिरकं असेना.
या गोष्टीवर मी चहा गार होईपर्यंत विचार केला.
तीस वर्षं या घरातला चमचान् चमचा मी समांतर ठेवत आले.

वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या उलट फिरतं.
म्हणून लाकूड उजवीकडून डावीकडे, त्याच्या फिरण्याच्या तोंडावर.
आणि पातं व कुंपण यांच्या मधून
पट्टी कधीच घालू नकोस, एन्देल म्हणाला,
ती गोफण आहे.

आधी टाकाऊ तुकडा. मग पाइनच्या पट्ट्या.
नखभर, पुन्हा नखभर, मग उरलेलं.
घाई केली तिथे काळा डाग पडला,
डिंकाचा वास शेडभर.

बुधवारी सातव्या पट्टीला
माझं मन आधीच खिडकीत जाऊन बसलं होतं.
डावीकडून घातली.
कानांवर कप होते, आवाज आला नाही,
हात एकदम रिकामा झाला, एवढंच.
पट्टी दाराच्या फळीत रुतून थरथरत होती.
प्लग काढला. स्टुलावर बसले.
बोटं मोजली, बोटांनीच.
मग पुन्हा मोजली.

एन्देल काही बोलला नाही.
सकाळी बर्चची एक फणी घेऊन आला,
दात तिरके, पट्टीला पुढे जाऊ देतात,
मागे येऊ देत नाहीत.
मी जुन्या इस्त्रीची मूठ एका ठोकळ्याला बसवली,
ढकलायला.
आता पात्याजवळ माझ्याऐवजी ठोकळा जातो.

शुक्रवारी शेवटच्या बोटीने हेल्दुर आला.
खाचेतून अंगठा फिरवला, कोपऱ्यापर्यंत,
पुन्हा उलटा फिरवला.
कोण आलं होतं, म्हणाला.
मग दारावरची खोक दिसली त्याला.
मी म्हणाले, ती माझी. बुजवायची नाही.

तो टेबलाकडे वळला, अंगात तोच घोळदार स्वेटर,
एक पट्टी उचलली,
बटणाकडे हात नेला.

प्लग माझ्या मुठीत होता.
आधी बाह्या, मी म्हणाले.